उच्चार मोजता, समज कधी मोजणार?

आमच्याकडे नोकरभरतीच्या पहिल्या चाळणीत आता माणूस नसतो. उमेदवार हेडफोन लावून वाक्यं वाचतो, ऐकलेली वाक्यं पुन्हा म्हणतो आणि सॉफ्टवेअर त्याच्या इंग्रजीला गुण देतं. मागच्या भरतीत उर्दू माध्यमातून आलेला एक मुलगा इथेच गळाला. त्याचा कोड मी पाहिला होता. तो कसा चालतो हे त्यानं मला फोनवर इंग्रजीतच सांगितलं. अडखळत, पण सगळं समजेल असं.

मी स्वतः इंजिनिअर आहे, यंत्राचा बाऊ मी करत नाही. अशी सॉफ्टवेअर बहुधा माणसांनी दिलेल्या गुणांवरूनच शिकतात. त्या माणसांच्या कानांना खटकलेला उच्चार यंत्रालाही खटकतो. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' आपण एकाच 'व'वर भागवतो. त्यानं सर्व्हर बंद पडतो का?

कॅनडातले संशोधक मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग यांनी १९९५ मध्येच दाखवलं, की उच्चार ठळकपणे परका असला तरी बोलणं पूर्ण समजू शकतं. आयईएलटीएसच्या तोंडी परीक्षेत ११ ते १४ मिनिटं निदान समोर माणूस असतो, आणि उच्चार हा चार निकषांपैकी एकच.

"क्लायंटला समजायला हवं," असं एचआरवाले म्हणतात. कबूल! मग तेच तपासा ना. उमेदवाराला एखादा बग समजावून सांगू द्या आणि ऐकणाऱ्याला तो दुरुस्त करता येतो का, ते बघा.

त्या मुलाचं रेकॉर्डिंग मी मागितलं. मला फक्त एक आकडा मिळाला.