रेघा घरी काढा, क्रमांक मात्र आपलाच हवा

घरी मसाले, लोणची, शेवया करून विकणाऱ्या काही भगिनी आम्हाला विचारतात, "दुकानदार पाकिटावर बारकोड मागतो. तो घरच्या घरी काढता येईल का?"

येईल. पायथॉन या संगणकभाषेत 'पायथॉन-बारकोड' नावाची मोफत लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञावलींचा संच, आहे. घरात संगणक शिकणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर काम सोपे. क्रमांक द्यायचा, रेघा ती आखते.

पण इथेच जपायला हवे. दुकानातल्या मालावर बहुधा ईएएन-१३ हा तेरा आकड्यांचा बारकोड असतो. बारा आकडे दिले की पडताळणीचा तेरावा आकडा लायब्ररी स्वतः काढते. त्यामुळे ८९० पुढे मनाला येतील ते आकडे टाकले, तरी लेबल अगदी खरे दिसते. हे क्रमांक मात्र जीएस-वन इंडिया ही संस्था नोंदणी करून, शुल्क घेऊन देते. आपण मनाने टाकलेला क्रमांक दुसऱ्या कुणाच्या साबणाचा निघू शकतो. मग दुकानदाराचा हिशेब बिघडतो आणि आपला माल परक्या ओळखीवर विकला जातो. माप-तोलात खोट करणाऱ्यांना दिव्य कुरआनच्या ८३व्या सूरहमध्ये, अल-मुतफ्फिफीनमध्ये, सक्त ताकीद आहे. लेबलावरही गिऱ्हाईक मापाइतकाच भरवसा ठेवते.

म्हणून दुकानांत माल ठेवायचा असेल तर रीतसर नोंदणी करावी. केवळ घरच्या हिशेबासाठी बारकोड हवा असेल तर कोड-१२८ घ्यावा. त्यात आपण ठरवलेला क्रमांक चालतो, नोंदणी लागत नाही. या रेघांत इंग्रजी अक्षरे, आकडे व चिन्हेच बसतात. 'गरम मसाला' हे नाव मराठीत किंवा उर्दूत शेजारी छापावे.

छापताना फाइल एसव्हीजी ठेवावी, म्हणजे रेघा फुटत नाहीत. प्रिंटरला आकार १०० टक्के सांगावा. रेघांच्या दोन्ही बाजूंना कोरी जागा सोडावी. रेघा काळ्या, कागद पांढरा. लाल रेघा नकोत. अनेक स्कॅनरचा उजेड लाल असल्याने त्या त्याला दिसत नाहीत. आधी एकच लेबल छापून मोबाईलने वाचून पाहावे, मग पूर्ण कागद काढावा.

खरेदी करतानाही एक ध्यानात असू द्यावे. ८९० म्हणजे माल भारतात बनला किंवा हलाल आहे, असे नाही. क्रमांक भारतात नोंदला आहे, एवढेच त्यावरून कळते. आत काय आहे, ते घटकांची यादी वाचूनच पाहावे.