रांग लावली म्हणजे लागली का?

परवा एका तांत्रिक बैठकीत चहाच्या वेळी एका गृहस्थांनी मला ऐकवलं, ‘‘स्विचच्या इनग्रेस क्यू तपासत बसणं हा रिकामटेकड्यांचा छंद आहे.’’ तेव्हा माझ्या तोंडात बिस्कीट होतं आणि बिस्कीट संपेपर्यंत गृहस्थ दुसऱ्या घोळक्यात गेले होते. राहिलेलं उत्तर इथे देतो.

आधी पूर्वपक्ष मांडावा, असा आपल्याकडचा शिरस्ता आहे. समोरच्याने माझं म्हणणं ऐकून घेतलं नसलं तरी मी तो पाळतो. गृहस्थ म्हणतात : स्विचमध्ये कोंडी होते ती पॅकेट बाहेर पडताना. एक गिगाबिटच्या पोर्टातून एक गिगाबिटपेक्षा जास्त काही आत येऊच शकत नाही, मग आतल्या दाराशी रांग कसली? शिवाय बँडविड्थ आता स्वस्त झाली आहे. शिवाय कॉन्फिग एकदा नीट लिहिली आणि ‘शो रन’मध्ये दिसली की काम संपलं. आणि शेवटी, फोनवर आवाज नीट येतोय ना? मग! या ‘मग’नंतर त्यांनी खांदे उडवले. तो पाचवा मुद्दा धरावा.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. पॅकेटच्या कपाळावर सहा बिटांचा एक टिळा असतो, त्याला डीएससीपी म्हणतात. सहा बिट म्हणजे ६४ प्रकारचे टिळे. ही व्यवस्था १९९८ च्या आरएफसी २४७४ ने घालून दिली. आवाजाच्या पॅकेटला ४६ लावायचा, हा सर्वमान्य रिवाज. पॅकेट पोर्टात शिरलं की स्विच हा टिळा बघतो, मानायचा की पुसायचा ते ठरवतो आणि त्याप्रमाणे पॅकेटला रांगेत उभं करतो. पंढरपूरला पदस्पर्शाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी. कोणी कुठे जायचं ते रांगेच्या तोंडाशीच ठरतं. चुकीच्या रांगेत शिरलेल्याला पुढे गाभाऱ्याजवळ जाऊन ‘मी तिकडचा होतो हो’ म्हणता येत नाही.

आता पहिला मुद्दा, आत येताना कोंडी होतच नाही हा. उदाहरणासाठी कॅटलिस्ट ३७५० घेऊ. तो जुना आहे, पण अजून कित्येक कपाटांत घरघरतो आहे आणि इनग्रेस क्यू शिकायला त्याच्याइतका उघडावाघडा स्विच नाही. त्याच्या ४८ पोर्टांच्या गिगाबिट मॉडेलवर चार अपलिंक धरून ५२ गिगाबिट आत येऊ शकतात. ते जातात एका ३२ गिगाबिटच्या स्टॅक रिंगवर, म्हणजे स्विच एकमेकांना जोडणाऱ्या कड्यावर. ५२ आणि ३२. एका पोर्टापुरतं गृहस्थांचं गणित बरोबर आहे, फक्त पोर्ट ५२ आहेत. म्हणूनच त्या स्विचमध्ये रिंगच्या अलीकडे दोन इनग्रेस क्यू दिल्या आहेत. मुळात डीएससीपी ४० ते ४७ दुसऱ्या रांगेत जातात, बाकी सगळे पहिल्या. बफर ९० आणि १० टक्के असा वाटलेला, आणि दुसऱ्या रांगेला रिंगच्या बँडविड्थपैकी १० टक्के अग्रहक्क. बहुतेक कचेऱ्यांत ही रिंग कधी भरत नाही, हे मान्य. एवढं मी त्यांना देऊन टाकतो.

पण माझा खरा राग तिसऱ्या मुद्द्यावर आहे. ‘कॉन्फिगमध्ये दिसतंय ना?’ हे वाक्य मी गेली वीस वर्षं ऐकतो आहे आणि दर वेळी रक्तदाब मोजून घ्यावासा वाटतो. कॉन्फिग म्हणजे आपण स्विचला काय सांगितलं त्याची नोंद. त्याने काय केलं ते तिथे लिहिलेलं नसतं. घरात ‘गॅस बंद करून ठेव’ असं सांगून गेलेला माणूस परत आल्यावर आपलं वाक्य आठवून समाधान मानत नाही, शेगडीचा खटका बघतो. आमच्या धंद्यात मात्र खटका बघणारा संशयखोर ठरतो आणि वाक्य आठवणारा अनुभवी.

एका सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयात घडलेली गोष्ट सांगतो. तीन मजले, टेबलाटेबलावर आयपी फोन. तक्रार अशी की सकाळी अकरा ते एक आवाज तुटतो आणि दुपारी जेवणानंतर आपोआप सुधारतो. तिथल्या माणसाने मला कॉन्फिगचा कागद दाखवला, तोही लॅमिनेट केलेला. प्रत्येक पोर्टावर ‘एमएलएस क्यूओएस ट्रस्ट डीएससीपी’ आणि त्याखाली ‘एमएलएस क्यूओएस ट्रस्ट डिव्हाइस सिस्को-फोन’. या दोन ओळींचा मिळून अर्थ असा की पोर्टाला खरोखर त्या कंपनीचा फोन जोडलेला असेल तरच टिळ्यावर विश्वास ठेव. विश्वासाला अट घातलेली. अट चांगलीच आहे, नाहीतर कोणीही आपल्या लॅपटॉपवर ४६ चा टिळा लावून साहेबांच्या रांगेत घुसेल. कागदात एक अक्षर चुकलेलं नव्हतं. ‘शो रन’ काढलं, तेही कागदाबरहुकूम.

मग मी ‘शो एमएलएस क्यूओएस इंटरफेस’ दिलं. पहिल्या ओळी होत्या : ट्रस्ट स्टेट, नॉट ट्रस्टेड. ट्रस्ट मोड, ट्रस्ट डीएससीपी. मोड म्हणजे आपण मागितलेलं, स्टेट म्हणजे प्रत्यक्षात चाललेलं. दोन्ही एकाखाली एक छापून येतात आणि तरी लोक वरची ओळ सोडून खालची वाचतात, कारण खालची ओळखीची वाटते.

कारण सापडायला अर्धा तास लागला. चार महिन्यांपूर्वी सुरक्षा तपासणी झाली होती. तपासनिसांनी अहवालात लिहिलं की सीडीपी बंद करा, शेजारच्याला फार माहिती सांगतं. कोणीतरी आज्ञाधारकपणे ‘नो सीडीपी रन’ दिलं. स्विचला पोर्टावरचा फोन ओळखता येत होता तो याच सीडीपीमुळे. फोन ओळखू येईना, म्हणून अट पुरी होईना, म्हणून विश्वास गळून पडला आणि तिन्ही मजल्यांवरच्या आवाजाच्या पॅकेटांचा ४६ दारातच पुसून शून्य होऊ लागला. पास घेऊन आलेल्या वारकऱ्याचा पास दारातच फाडला आणि वर ‘रांग तिकडे’ म्हणून हात दाखवला, असला प्रकार. फोन मात्र बंद पडले नाहीत, कारण व्हॉइस व्हीलॅन त्यांना एलएलडीपी या सीडीपीच्याच भावंडातून मिळत होतं. अकरा ते एक शाखांचे हिशेब अपलिंकवर धडकत, तेव्हा शून्य टिळ्याचा आवाज त्या लोंढ्यात सापडे. बाकी वेळी अपलिंक रिकामी, आवाज सुरेख. क्यूओएसच्या, म्हणजे या टिळे-रांगांच्या, कॉन्फिगला कोणी बोटही लावलेलं नव्हतं. तो लॅमिनेट केलेला कागद शंभर वेळा वाचला असता तरी हे कळलं नसतं.

‘फोन नीट चालतोय ना’ या मुद्द्याचं उत्तर त्या दुपारच्या सुरेख आवाजात येऊन गेलं.

बँडविड्थ स्वस्त आहे या मुद्द्यावर मी पूर्वी एकाशी तास-दीड तास भांडलो आहे. तो सारखा आलेख दाखवायचा : बघा, सरासरी बारा टक्के. आलेख पाच मिनिटांच्या सरासरीचा. पाच मिनिटं म्हणजे ३०० सेकंद. लिंक ४० मिलिसेकंद पूर्ण तुंबली तर त्या सरासरीत भर पडते ०.०१३ टक्के, म्हणजे आलेखावरची रेघ हलतसुद्धा नाही. पण आवाजाचं पॅकेट दर २० मिलिसेकंदाला एक निघतं, तेव्हा त्या ४० मध्ये दोन पॅकेटांचा बळी गेलेला असतो. तो म्हणाला, मग दहा गिगाबिट घ्या. मी म्हणालो, लोंढाही दहा गिगाबिटचाच येईल. तो वाद तिथेच राहिला. नंतर त्याने नोकरी बदलली, आलेख मात्र सोबत नेला असावा.

एक विषयांतर करतो. इनग्रेस रांग हे काही हल्लीचं खूळ नव्हे. आत येणाऱ्या प्रत्येक वाटेवर एकच साधी रांग ठेवली तर पुढचं पॅकेट अडलं की मागची उगाच अडतात, अगदी त्यांची वाट मोकळी असली तरी. मोठ्या स्विचमध्ये येणारी रहदारी सगळीकडे सारखी विखुरलेली धरली, तर या एका दोषापायी क्षमतेच्या ५८.६ टक्क्यांच्या पलीकडे जाता येत नाही, असं १९८७ मध्येच गणिताने सिद्ध झालं होतं. म्हणून पुढे प्रत्येक बाहेरच्या पोर्टासाठी आतल्या दाराशीच वेगळी रांग ठेवण्याची युक्ती निघाली. आज डेटा सेंटरमधले कितीतरी मोठे स्विच तसेच चालतात. म्हणजे गृहस्थांना जी ‘बाहेरची’ कोंडी वाटते, तिचं पॅकेट कित्येकदा आतल्या दाराशीच उभं असतं. हे त्या दिवशी सांगायचं राहून गेलं. बिस्कीट.

मात्र तपासणाऱ्यांनाही चार खडे मारले पाहिजेत, कारण चुकीचं तपासणं हे न तपासण्यापेक्षा वाईट. ३७५० वर कित्येक जण ‘शो पॉलिसी-मॅप इंटरफेस’ देतात आणि त्यातल्या आकड्यांवरून निष्कर्ष काढतात. त्या स्विचच्या स्वतःच्या मार्गदर्शिकेत लिहिलं आहे की आत येणाऱ्या रहदारीसाठी ही आज्ञा वापरू नका, दिसणाऱ्या आकडेवारीकडे दुर्लक्ष करा. मार्गदर्शिका वाचतो कोण! दुसरा घोटाळा क्रमांकांचा. बाहेरच्या रांगा कॉन्फिगमध्ये १ ते ४ आणि मोजणीच्या तक्त्यात ० ते ३. त्यामुळे ‘क्यू एकमध्ये ड्रॉप आहेत’ म्हणणाऱ्याला ‘कुठल्या एकमध्ये?’ असं विचारावं लागतं. तिसरा, त्याच पोर्टाचे ‘इनकमिंग’ आणि ‘आउटगोइंग’ हे दोन तक्ते एकमेकांशी ताडून बघणं. ते ताडून उपयोग नाही. आउटगोइंग म्हणजे त्या पोर्टातून बाहेर गेलेली पॅकेटं, आत आलेल्यांचं पुढे काय झालं ते नव्हे. ते बघायचं तर अपलिंकवर जावं लागतं.

आणि जे पाठांतरावर जगतात त्यांच्यासाठी : ३७५० वर ‘एमएलएस क्यूओएस’ चालू केलं की कोणत्याही पोर्टावर विश्वास नसतो, सगळे टिळे पुसले जातात. ३८५० वर मुळातच सगळ्यांवर विश्वास असतो. म्हणजे जुना स्विच काढून नवा बसवला की पाठ केलेलं ज्ञान उलटं फिरतं आणि काही दिसत नाही, कारण लिंकचा दिवा दोन्हीकडे हिरवाच असतो.

इथवर खंडन झालं. मंडनाचं सामान माझ्याकडे फार नाही. एक लॅपटॉप घ्या, ज्या पोर्टाला नुसता ट्रस्ट आहे, अट नाही, अशा पोर्टाला लावा. ‘क्लिअर एमएलएस क्यूओएस इंटरफेस स्टॅटिस्टिक्स’ देऊन मोजणी शून्यावर आणा. लिनक्सवरून पिंग सोडा, टीओएस १८४ (४६ दोन बिट डावीकडे सरकवला की १८४ होतात), दर २० मिलिसेकंदाला एक, एकूण ५००. दहा सेकंदांचं काम. मग त्या पोर्टाच्या इनकमिंग तक्त्यात ४५ ते ४९ ची ओळ काढा आणि तिच्यातला दुसरा आकडा बघा. तिथे ५०० वाढले पाहिजेत. मग अपलिंकच्या आउटगोइंगमध्ये तीच ओळ, तोच आकडा. इथे ५०० आणि तिथे काहीच नाही, तर टिळा मधेच पुसला गेला. मग ‘शो एमएलएस क्यूओएस मॅप्स डीएससीपी-इनपुट-क्यू’ देऊन ४६ कुठल्या रांगेत पाठवला आहे ते वाचा, आणि ‘शो एमएलएस क्यूओएस इनपुट-क्यू’ देऊन त्या रांगेला बफर आणि अग्रहक्क किती आहे ते. हे शेवटचे दोन पुन्हा कॉन्फिगचेच आरसे आहेत, हे मला माहीत आहे. गृहस्थांनी त्यावर बोट ठेवलं तर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही.

हाच प्रयोग अट घातलेल्या पोर्टावर करा. तिथे लॅपटॉपचा ४६ पुसलाच गेला पाहिजे, आणि नाही पुसला तर तीही बातमीच आहे. उलट्या बाजूची ही तपासणी माझ्या पाहण्यात फार कोणी करत नाही. रांग लागली का हे बघतात, घुसखोर अडला का हे बघायचं राहतं. मग कधीतरी कोणाचं बॅकअप सॉफ्टवेअर स्वतःच ४६ लावून येतं आणि आवाजाच्या रांगेत पोती टाकून बसतं.

प्रत्येक पोर्टावर हे करा असं मी म्हणत नाही. मजल्यागणिक दोन पोर्ट, आणि कोणीही काहीही बदललं की पुन्हा. मग ते क्यूओएसशी संबंध नसलेलं का असेना. त्या बँकेत सीडीपीचा आणि आवाजाचा संबंध कोणाला वाटला होता?

बैठकीनंतर मी गृहस्थांचा नंबर मिळवला आणि विनंती केली, आपल्याकडच्या कुठल्याही एका अपलिंकवरची ४५ ते ४९ ची ओळ तेवढी पाठवा, वाद मिटवू. दोन दिवसांनी उत्तर आलं. त्यांनी ‘शो रन’चा फोटो पाठवला होता.