हॉटसन, गोगटे आणि ‘मॅग्नम असते तर’

२२ जुलै १९३१. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात मुंबई इलाख्याचे हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन आले असता वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने अगदी जवळून त्यांच्यावर रिव्हॉल्व्हर झाडले. गोळी खिशातील पाकीटवहीच्या धातूच्या बटणावर अडली. हॉटसन वाचले, गोगटे जागीच पकडले गेले. या कृतीमागे सोलापूर होते: आदल्या वर्षीचा मार्शल लॉ आणि चौघांची फाशी.

या प्रसंगाची चर्चा निघाली की कोणीतरी हमखास म्हणतो, ‘हाती .३५७ मॅग्नम असते तर!’ त्याच दमात पुढची मागणी येते: पोलिसांच्या कमरेलाही तेच द्या, नागरिकांचे परवानेही सैल करा. दोन्ही विधाने इतिहासाच्या नावाने केली जातात, आणि दोन्हींना इतिहासाचा आधार नाही.

मुळात हा कालविपर्यास आहे. .३५७ मॅग्नम हे काडतूस स्मिथ अँड वेसनने बाजारात आणले ते १९३५ मध्ये, आणि तेही जाडजूड चौकटीच्या रिव्हॉल्व्हरसाठी. दिवसभर कमरेला वागवता येईल असे मध्यम चौकटीचे मॅग्नम निघाले १९५५ साली. अमेरिकी सीमा गस्ती दलातील बिल जॉर्डन यांचा त्यासाठी आग्रह होता. मात्र ही मध्यम चौकट मॅग्नमचा सततचा मारा सोसणारी नव्हती. म्हणून सराव .३८च्या सौम्य काडतुसांवर आणि कर्तव्यावर मॅग्नम, अशी रीत पडली. सरावात कधी न अनुभवलेला धक्का आणि भडका शिपायाला प्रत्यक्ष चकमकीतच भेटणार! अखेर १९८०च्या सुमारास कंपनीला अधिक दणकट चौकट काढावी लागली.

कॅलिफोर्नियातील न्यूहॉल येथे ६ एप्रिल १९७० रोजी काही मिनिटांत चार महामार्ग पोलीस मारले गेले. त्यानंतर तेथे बदलले गेले ते मुख्यतः प्रशिक्षण. मॅग्नमच्या भक्तांना हा दाखला सहसा आठवत नाही.

आता सोलापूर. गांधीजींच्या अटकेनंतर ८ मे १९३० रोजी लोक रस्त्यावर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला, शंकर शिवदारे यांच्यासह माणसे पडली. मग संतप्त जमावाने मंगळवार पेठेच्या चौकीवर हल्ला केला आणि तेथे पोलीसही मेले. म्हणजे त्या दिवशी बंदुका पोलिसांकडेच होत्या आणि त्या चालल्याही होत्या. संतापाची ठिणगी त्यांनीच टाकली. सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर, मग ते कितीही जबर असो, हजारोंच्या जमावापुढे काय करणार होते? पोलीस मागे हटले, आणि पुढचे काही दिवस शहराची व्यवस्था काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी सांभाळली. सरकार परतले ते लष्कर घेऊन, १२ मे रोजी.

मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर चढवले गेले ते चौकीतील हत्यांच्या आरोपाखाली. १८७८च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याच्या दारात उभे केले होते आणि युरोपीयांना आरंभी त्यातून सूट होती. शस्त्र कोणाच्या हाती आणि कोणाच्या हुकुमाने, हा प्रश्न तेव्हा सोलापूरच्या गिरणी कामगारालाही कळत होता. आज तोच सोडून बोअर मोजत बसणाऱ्यांना गोगट्यांचे नाव घेण्याचा अधिकार कुठून मिळाला?