भागीदारी हवी, पण कोणत्या अटींवर?

उद्योग आणि विद्यापीठे यांनी हातात हात घालून संशोधन करावे, असा उपदेश पदवीदान समारंभांतून नेहमी ऐकू येतो. ही भागीदारी कोणत्या अटींवर व्हावी, याची चर्चा मात्र क्वचितच होते. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने ‘सिक्स-जी’साठी २०३० हे लक्ष्यवर्ष ठरविले, तेव्हा ही चर्चा आता लांबणीवर टाकून चालणार नाही.

इंटरनेटचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. १९६९ मध्ये अमेरिकेत ‘अर्पानेट’ सुरू झाले, तेव्हा पैसा संरक्षण खात्याचा होता. पहिली चार केंद्रे म्हणजे तीन विद्यापीठे व एक संशोधनसंस्था होती, आणि त्यांना जोडणारी यंत्रे एका खाजगी कंपनीने तयार केली. पुढे १९७४ मध्ये व्हिंटन सर्फ व रॉबर्ट कान यांनी निरनिराळी जाळी परस्परांशी जोडण्याचे नियम शोधनिबंधातून जगापुढे ठेवले. ते कोणाच्याही मालकीचे नव्हते, म्हणूनच त्यांच्या पायावर असंख्य उद्योग उभे राहू शकले.

आपल्याकडे १९८६ मध्ये ‘एर्नेट’ सुरू झाले, ते सरकारी निधी व संयुक्त राष्ट्रांचे साहाय्य यांच्या बळावर. त्यातील भागीदार सार्वजनिक संस्थाच होत्या. संशोधनाचा लाभ प्रतिस्पर्ध्याच्याही पदरात पडतो, म्हणून एकटा उद्योजक त्यावर हात राखून खर्च करतो, हे अर्थशास्त्राचे जुने निरीक्षण आहे. २०२०-२१ मध्ये भारताचा संशोधनखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघा ०.६४ टक्के होता आणि त्यात खाजगी उद्योगांचा वाटा सुमारे ३६ टक्के होता. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये उभारण्याची योजना असून त्यातील मोठा हिस्सा सरकारबाहेरून अपेक्षित आहे.

उद्योगांनी हा भार उचलावा, हे योग्यच. परंतु पैसा देणारा अटीही घालतो. गुप्ततेच्या कलमापायी विद्यार्थ्याचा प्रबंध कुलुपात पडू लागला, तर विद्यापीठ हे कंपनीचे स्वस्त कार्यशाळागृह ठरेल. म्हणून पेटंटसाठी लागणारी वाजवी मुदत संपताच निष्कर्ष प्रसिद्ध व्हावेत, असे प्रत्येक करारात स्पष्ट लिहिलेले असावे. मे २०२२ मध्ये आठ संस्थांनी मिळून उभारलेली ‘फाइव्ह-जी’ चाचणीव्यवस्था सुरू झाली. अशा सुविधांची दारे जिल्ह्याच्या गावातील महाविद्यालयांनाही उघडली पाहिजेत. जनतेच्या करातून पेरलेल्या ज्ञानाचे पीक जनतेच्या खळ्यात यावे, एवढीच ही मागणी आहे.