वाकडं असलं तरी सरळ बोला

सात रस्त्यावर चहाला जमलो की आमच्या ग्रुपमध्ये सगळे विषय निघतात. पगार, बॉस, पुण्याला शिफ्ट व्हायचे प्लॅन. 'काय बे, पोट सुटलं की तुझं!' हेही चालतं. पण कमरेखालचा विषय आला की फक्त जोक. 'मला तिथे दुखतंय' असं कुणी म्हणत नाही.

ग्रुपमधला एक जण सात-आठ महिने म्हणाला नाही. लिंगावर टणक गाठ लागत होती, ताठरता आली की दुखायचं आणि एका बाजूला बाक यायला लागला होता. मग साहेब रात्री उशिरापर्यंत लॅपटॉप घेऊन हॉलमध्ये. बायकोला वाटलं, ऑफिसात कुणीतरी आहे. त्याला वाटलं, कॅन्सर आहे. दोघांचाही अंदाज चुकला. (नाव न घालता लिही, असं त्यानंच सांगितलं.)

याला म्हणतात पेरोनीज डिसीज. फ्रान्सच्या पंधराव्या लुईचे सर्जन ला पेरोनी यांनी १७४३ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. लिंगाच्या आत स्पंजसारख्या भागाभोवती चिवट आवरण असतं. त्याला बारीकसा मार बसतो, कधी तर लक्षातही येत नाही. तो भरताना व्रण राहिला की तेवढी जागा ताणत नाही, बाकीची ताणते. म्हणून बाक. चाळिशी-पन्नाशीनंतर जास्त दिसतो, पण तिशीतही होतो. डायबिटीस असेल तर शक्यता वाढते. हा कॅन्सर नाही, संसर्ग नाही आणि हस्तमैथुनाची 'शिक्षा' तर नाहीच नाही. पहिल्यापासून थोडा बाक असेल, तर तो प्रकार वेगळा.

सुरुवातीचे काही महिने गाठ बदलत राहते. दुखणं बहुतेकांचं थांबतं, बाक मात्र आपोआप पूर्ण जाणं विरळाच. ताठरता कमी होणं, मन खचणं हेही सोबत येऊ शकतं. उपाय आहेत: औषधं, ट्रॅक्शन, गाठीत इंजेक्शन. बाक स्थिर झाला आणि तरीही संबंध जमत नसतील, तर ऑपरेशन. काही अडत नसेल तर काहीच करावं लागत नाही. हे ठरवायला युरॉलॉजिस्ट हवा. भिंतीवरच्या 'गुप्तरोग, खात्रीशीर इलाज' जाहिरातीतला नंबर नको.

'गुप्त' या शब्दानंच तर घोळ केलाय. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यात सरळ उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि १९३४ मध्ये त्यांच्या बाजूनं डॉ. आंबेडकर कोर्टात उभे राहिले. तेव्हा प्रश्न विचारणारे साधे वाचकच होते. आपण मात्र हातात इंटरनेट असून बायकोशीसुद्धा बोलत नाही.

तर मित्रांनो, डॉक्टरची अपॉइंटमेंट दोन दिवसांनी मिळाली तरी चालेल. घरी मात्र आजच सांगा. फार मोठं भाषण लागत नाही. 'मला दुखतंय म्हणून मी लांब राहतोय, तू नकोशी झालीस म्हणून नाही.' एवढंच.