विनाचालक बस आणि आजींचे गुडघे

"डॉक्टर, तिकीट माफ झालंय हो, पण थांब्यापर्यंत हे गुडघे कोण नेणार?" रक्तदाबाच्या एक आजी परवा तब्बल तीन महिन्यांनी आल्या. गोळ्या केव्हाच संपल्या होत्या. आपल्याकडे ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एस.टी. मोफत आहे. अडचण पैशाची नव्हतीच.

हाच प्रश्न जपानला फार मोठ्या प्रमाणावर पडला आहे. तेथे शंभरातली सुमारे २९ माणसे पासष्टीपुढची. एप्रिल २०१९ मध्ये टोकियोत ८७ वर्षांच्या गृहस्थांच्या मोटारीखाली मायलेकींचा बळी गेला आणि त्या वर्षी सुमारे सहा लाख लोकांनी आपण होऊन वाहन परवाने परत केले. पण परवाना गेला की बाजार आणि दवाखाना दोन्ही दुरावतात. घरी बसलेल्या म्हाताऱ्या माणसाचे स्नायू झपाट्याने झिजतात, मनही खचते. शिवाय खेड्यांत बसला चालक मिळेनात.

इबाराकी प्रांतातल्या साकाई गावात रेल्वे स्थानक नाही. तेथे नोव्हेंबर २०२० पासून स्वयंचलित छोट्या बस धावू लागल्या, वेग ताशी वीस किलोमीटरच्या आत. फुकुई प्रांतात एइहेइजी येथे मे २०२३ मध्ये गाडीत चालक न ठेवता जुन्या रेल्वेमार्गाच्या जागेवर दोनेक किलोमीटरची सेवा सुरू झाली. वेग ताशी १२ किलोमीटर. लांब बसलेला माणूस पडद्यावर लक्ष ठेवतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये गाडीचा एका सायकलला धक्का लागला. सेवा बंद ठेवून ती मार्च २०२४ मध्ये पुन्हा सुरू केली.

या संथपणाला कोणी हसू नये. म्हातारपणी बसमध्ये पडण्याचे एक मोठे कारण म्हणजे माणूस नीट बसण्याआधी सुटलेली गाडी. खुब्याचे हाड मोडले की कित्येकांचे अंथरूण सुटत नाही. सगळे बसेपर्यंत थांबायला यंत्राला शिकवता येईल. चढताना हात मात्र माणसालाच द्यावा लागतो. म्हणून माझे मत असे, की चालक वाचला तर त्याच पगारात गाडीत एक मदतनीस ठेवावा आणि थांबे घराजवळ आणावेत. नुसता चालक काढून खर्च वाचवायचा असेल, तर ती बस म्हाताऱ्यांसाठी नव्हे.

आजींना हे सारे सांगितले. त्यांनी विचारले, "मग माझी पिशवी कोण उतरवून देणार?"

तूर्त मी त्यांना दोन महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या आहेत.