बिनतारी ठाण्यांची झोप आणि बागाईतदाराची निकड

मातीचा ओलावा, हवेचे तपमान व पानांवरील ओल मोजून बिनतारी निरोप धाडणारी यंत्रे आता द्राक्षबागाईतदारांच्या परिचयाची झाली आहेत. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने नाशिककडील द्राक्षमळ्यात अशा ठाण्यांचे जाळे पूर्वीच लावून पाहिलेले आहे. यंत्र घेताना शेतकरी बंधू किंमत विचारतात, हमी विचारतात. पण बॅटरी किती टिकेल आणि निरोप किती वेळात पोचेल, हे दोन प्रश्न एकत्र विचारीत नाहीत. आमच्या मते खरी मेख तेथेच आहे.

ठाण्याची बॅटरी मुख्यतः रेडिओमुळे खर्ची पडते. नवल असे की, अनेक यंत्रांत निरोप धाडण्यास जेवढी वीज लागते, जवळजवळ तेवढीच नुसते कान देऊन बसण्यासही लागते. म्हणून ठाण्यास बहुतेक वेळ झोपवून ठेवणे हाच काटकसरीचा मार्ग होय.

परंतु समजा, प्रत्येक ठाणे 10 मिनिटांतून एकदाच जागे होते आणि निरोपाला 6 टप्पे ओलांडावयाचे आहेत. तर क्वचित्प्रसंगी तो पोचण्यास तास लागेल. ओलाव्याच्या आकड्याला हा उशीर चालतो, कारण जमीन काही तासाभरात कोरडी पडत नाही. निफाडकडे थंडीच्या लाटेत पहाटे पारा उतरू लागला आणि बागेत शेकोट्या पेटवावयाच्या असल्या, म्हणजे मात्र तोच तास घात करतो.

यावर उपाय आहे. पाटाचे पाणी जसे एका वाफ्यातून पुढच्या वाफ्यात जाते, तशी दूरच्या ठाण्यापासून ओळीने, एकापाठोपाठ एक जाग लावावी. मग 10 मिनिटांची वाट एकदाच पाहावी लागते. ठरविलेली मर्यादा ओलांडली तरच तातडीचा निरोप धाडावा, एरवी तासाने एक आकडा पुरे. मिनिटामिनिटाचा आलेख पाहण्याची हौस आम्हांस व्यर्थ वाटते. ती बॅटरीच्या जिवावर असते.

गटातील निरोप गोळा करणारे मुकादम-ठाणे आळीपाळीने बदलण्याची रीत अमेरिकेतील संशोधकांनी 2000 साली मांडली. सावडीने कामे करणाऱ्यांस ती नवी वाटू नये. टप्प्याटप्प्याच्या जाळ्यात मात्र घराजवळच्या ठाण्यांवर सर्वांचा बोजा पडतो व त्यांचीच बॅटरी आधी संपते. थंडीपूर्वी ती प्रथम तपासावी.